कोणासमोर विचारलं

तुळसाबाईंना त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. जन्मभर आपण जे करत आलो, तेच शिकल्यासवरल्या माणसांनी छापून ठेवलंय असं ऐकलं तर कोणाला बरं वाटणार नाही?

मंगरूळपीरच्या घरात त्या दोघीच. तुळसाबाई नर्सबाई म्हणून रिटायर झाल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या भावाची मुलगी राधिका वाशीमच्या एका दवाखान्यात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होती. सकाळच्या बसने जायची, दिवेलागणीला यायची. तिथं महिन्यातून एका शनिवारी सगळ्या नर्सा मिळून संशोधनाचा एखादा लेख वाचत आणि त्यातलं आपल्या कामात काय आणायचं ते ठरवत. या खेपेला पाळी राधिकाची होती.

"औषधाचं नाही यात," राधिका तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. "बायांच्या मुलाखती घेतल्या, त्या काय बोलल्या ते लिहिलं, आणि त्यातून अर्थ काढला. मोजणीचं संशोधन वेगळं, हे समजून घेण्याचं. कॅन्सर झालेल्या खेड्यातल्या बाया. त्यांना विचारलं, आजाराची माहिती आधी कोणाला द्यावी?"

"मग? काय म्हणाल्या?"

"घरच्यांना. आम्हाला काय समजतं, ते पाहतील तसं. जवळपास सगळ्या असंच म्हणाल्या."

"म्हणतीलच!" तुळसाबाईंनी मांडीवर थाप मारली. "अगं, मी काय वेगळं सांगत आले? बाईच्या कानावर असलं नाव घालू नये. घरच्यांना बाजूला घ्यावं, त्यांना सांगावं. बाई अर्धी तर भीतीनंच जाते."

"आमच्या वॉर्डाच्या मुख्य निता सिस्टरही तेच म्हणतात. या लेखावरून नियमच करायचा म्हणतात. आधी नातेवाइकांना सांगायचं, पेशंटला ते म्हणतील तेव्हा. शनिवारी मी लेख मांडला की लगेच."

"मग मांड की. अडतं कुठं?"

राधिकाने सोललेले दाणे वाटीत टाकले. "अडतं असं, की या मुलाखती झाल्या कुठं? घरी. बाईसोबत कोण होतं? लिहिलंय, 'आधार म्हणून घरातलं माणूस बसलेलं होतं.' विचारणारं कोण? त्याच दवाखान्यातलं माणूस, जिथं तिचा इलाज चालू. आत्या, मला सांग, अशा वेळी बाई दुसरं काय बोलेल?"

"तुला शिकवलं ना, ते चुकलंच. ताटात पोळी वाढली तर तिलाही विचारशील, तू कोणत्या तव्यावर भाजलीस म्हणून."

"करपली असली तर विचारीनच."

"छापलंय ना पण?"

"छापलं म्हणजे खोटं नाही, इतकंच. आपल्या वॉर्डात चालेल की नाही ते आपणच पाहायचं असतं. आणि एक बाई आहे यात, शेवटी शेवटी. ती म्हणते, मला कोणी विचारलंच नाही. तिचं एवढंच वाक्य दिलंय. पुढं तिच्याबद्दल अवाक्षर नाही. ती कुठं गेली?"

तुळसाबाईंना त्या एका बाईचं काही वाटलं नाही. शंभरात एक असते तशी. त्यांनी वाटी उचलली आणि आमटीला फोडणी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेलूबाजारहून पुंजाजींचा फोन आला. तुळसाबाईंची अर्धी नोकरी शेलूबाजारच्या आसपासच्या खेड्यांत गेली होती. काळ्या मातीचा चिखल चपलेला धरायचा, म्हणून चपला हातात घेऊन वाट तुडवायची. पाठीवर औषधाची पेटी. पुंजाजींच्या बायकोची, हिरीबाईची, दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. त्या घरचा भाजीपाल्याचा मळा होता. वानवळा म्हणून वांगी-कोथिंबीर नर्सबाईंच्या पिशवीत पडल्याशिवाय त्या घरातून बाहेर पडता येत नसे. तो रिवाज आजही मोडला नव्हता.

हिरीबाईच्या छातीत गाठ निघाली होती. कॅन्सरची. वाशीमला राधिकाच्याच वॉर्डात केमोच्या दोन सलाईनी झाल्या होत्या. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, हिरीबाई सोडून. तिला सांगितलं होतं, गाठ साधी आहे, अंगात रक्त कमी आहे, ही शक्तीची सलाईन आहे. दवाखान्याच्या कागदावर सही तिचीच होती, पण वाचून दाखवला होता मोठ्या मुलाने, गजेंद्रने, त्याला जमेल तसा. आणि पुंजाजींनी तुळसाबाईंकडून शब्द घेतला होता, की तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. तुळसाबाईंनी तो आनंदाने दिला होता. त्यांच्या हिशेबी तीच रीत होती.

"नर्सबाई, थे आयकून नाई राह्यली," पुंजाजी फोनवर म्हणाले. "म्हणते, पुढच्या सलाईनीले मी येत नाई. पोराले कायले हेलपाटे घालाले लावता म्हणते. तुमचं आयकन थे. तुमी या एक डाव."

"येते. राधिकाची सुट्टी आहे उद्या, तिलाही आणते."

राधिकाने ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. हिरीबाईची गाठ वेळेवर सापडली होती. सलाईनी पुऱ्या झाल्या, मग ऑपरेशन झालं, तर डॉक्टरांना चांगली आशा होती. अध्येमध्ये सोडलं तर तीच आशा हातची जाणार होती.

जीपने दोघी शेलूबाजारला उतरल्या आणि चालत मळ्यावरच्या घरी गेल्या. त्या पोचायच्या आत बातमी पोचली होती. ओसरीत दोन खुर्च्या मांडलेल्या. पुंजाजी खाटेवर, गजेंद्र खांबाला टेकून, त्याची बायको राखी दाराआड चहाच्या तयारीत, आणि शेजारचे कोणी दोघेतिघे 'दवाखान्यातली बाई आली' म्हणून येऊन बसलेले. तुळसाबाईंना हे नवं नव्हतं. नर्सबाई आली की ओसरी भरायची, ही जुनी गोष्ट.

हिरीबाई भिंतीजवळ खाली बसली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. पदराखाली केस उरले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तिकडे पाहत नव्हतं.

चहा झाला. राधिकाने विचारलं, "मावशी, तुमच्या तब्येतीचं, इलाजाचं काही विचारायचंय का तुम्हाला? कोणी सांगावं असं काही?"

हिरीबाईने मान वर केली. नजर राधिकाकडे न जाता पुंजाजींकडे गेली, आणि तिथूनच खाली वळली.

"मले काय समजते बाई त्यातलं? हे पाह्यतीन तसं."

राधिकाने आत्याकडे पाहिलं, आत्याने राधिकाकडे. लेखातलं वाक्य जसंच्या तसं ओसरीवर येऊन बसलं होतं. तुळसाबाईंच्या डोळ्यांत 'पाहिलंस?' होतं. राधिकाच्या डोळ्यांतही तेच होतं. अर्थ मात्र दोघींचे दोन दिशांना.

"मंग चालशीन ना सलाईनीले?" पुंजाजींनी विचारलं.

"पाहू ना," हिरीबाई म्हणाली आणि उठली. "गाडी येते आता बाजाराची. सांबाराच्या जुड्या बांधाच्या राह्यल्या. नर्सबाई, बसा तुमी. दोन पाट्या झाल्या की आलीच मी."

"अगं, आम्हीही येतो. बसून बसून पाय आखडले," तुळसाबाई म्हणाल्या. खरं तर त्यांना तिला एकटीला गाठून चार शब्द सुनवायचे होते. पुंजाजीही चप्पल शोधू लागले.

"तुमी कुठी चालले?" हिरीबाई थांबून म्हणाली. "तुमची जुडी गाडीत पडाच्या आंदी सुटते. व्यापारी मले बोल लावते. बसा घरी."

शेजारचे हसले. पुंजाजी चप्पल पायात तशीच ठेवून खाटेवर बसले. "आयकलं? अशी हाये हे. शक्ती नाई म्हणते, अन् तोंड पाहा."

सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात तिला दुसऱ्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही. विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली उपटलेल्या सांबाराचा ढीग पडला होता, मुळांना ओली माती. बाजूला पाण्यात भिजवलेल्या अंबाडीच्या दोऱ्या. तिघी गोल करून बसल्या. मूठभर घ्यायचं, मुळं एका रेषेत ठोकायची, दोरीचे दोन वेढे, गाठ. तुळसाबाईंचे हात चालू झाले. किती वर्षांपूर्वी, लसीच्या दिवशी, बाया जमेपर्यंत त्या अशाच कोणाच्याही शेतात बसून जुड्या बांधत. आणि तेव्हाच त्यांना कळायचं, कोणाला दिवस गेलेत, कोणाला नवरा मारतो, कोणी गोळ्या उकिरड्यात फेकल्या. ओसरीवर यातलं एकही कधी कळलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना आज आठवली, इतक्या वर्षांत तिचं काही विशेष वाटलं नव्हतं.

ऊन पाठीला बरं लागत होतं. हिरीबाईने पदर मागे सरकवला, डोकं मोकळं केलं आणि म्हणाली, "गरम होते वो."

तुळसाबाईंनी सुनवायचे चार शब्द जुळवले. पण हिरीबाईच आधी बोलली, जुडीवरची नजर न काढता.

"नर्सबाई, खरं सांगा. किती दिवस राह्यले माहे?"

तुळसाबाईंनी जुडी खाली ठेवली.

"हे काय बोलतेस हिरे? कोण म्हणालं?"

"कोनी म्हनत नाई, तेच तं. वाशीमले माह्या बाजूच्या पलंगावरची बाई, तिले तिच्या पोरीनं समदं सांगतलं. कॅन्सर हाये, इतक्या सलाईनी, मंग आपरेशन. थे बोट मोजून राह्यली व्हती. मले तीच सलाईन, तोच रंग. अन् मले म्हनते शक्तीची. माय वो, शक्तीच्या सलाईनीनं केस जातेत का? मी काय येडी हाव?"

"मग विचारलं नाहीस घरी?"

"कोनाले? बुढा समोर बसला की पहिलेच त्याचे डोये भरतेत. गजू आला की मोबाईल काढते. राखी जेवाले आग्रह करते, जशी मी पाहुनी हाव. त्यायच्यासमोर काय इचारू?" तिने जुडी ढिगावर टाकली. "मंग मी समजली. त्या बाईले सांगतलं, कारन थे बरी होनार हाये. मले सांगत नाई, कारन सांगन्यासारखं काई राह्यलंच नाई. मंग कायले जाऊ मी? मराचंच हाये तं आपल्या वावरात मरीन, सांबार उपटता उपटता."

न सांगितल्याने बाई भीतीपासून वाचते, एवढंच तुळसाबाईंना ठाऊक होतं. न सांगण्याचाही बाई अर्थ लावते, आणि तो अर्थ खऱ्या आजाराहून वाईट असू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तोंडाशी आलं होतं, की अगं वेडे, तूही बरी होण्यातलीच आहेस. पण पुंजाजींना दिलेला शब्द आडवा आला, आणि शब्द कशासाठी दिला होता ते आता नीट आठवेना. त्यांनी राधिकाकडे पाहिलं.

राधिकाने हातातली जुडी पुरी बांधली. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या आजाराचं इथं सांबारात बसून मी सांगणार नाही. ते डॉक्टरांसमोर नीट सांगायचं असतं, तुम्हाला उलट विचारता यावं म्हणून. पण एक सांगते. ज्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नाही, त्याला आम्ही घरदार सोडून इतक्या लांब सलाईनीला बोलवत नाही."

हिरीबाईचा हात थांबला.

"आता मला सांगा. तुम्हाला ऐकायचंय का?"

"हो."

"आणि ऐकताना सोबत कोणी हवं, की एकटीलाच?"

हिरीबाईने जरा विचार केला. "बुढ्याले बसवा. माह्या समोर. नाई तं मले समजल्यावर मी त्याच्यापासून लपवीन, अन् तो माह्यापासून. एका घरात दोन दोन सोंगं कोन करन?" मग तिने तिसरी पाटी पुढे ओढली. "सांगनार असान तं येईन मी. शक्तीच्या सलाईनीले येत नाई. हे पक्कं."

परतीच्या जीपमध्ये तुळसाबाईंच्या मांडीवर सांबाराच्या जुड्या होत्या. त्या त्यांनी नीट लावून ठेवल्या. मग म्हणाल्या, "फाड तो लेख. शनिवारी सांग, सगळं खोटं आहे म्हणून."

"नाही आत्या."

"आता काय? परवा तूच तर म्हणत होतीस."

"एका हिरीमावशीवरून मी सगळ्या बायांचं ठरवलं, तर मी त्यांच्यापेक्षा वाईट काम केलं. त्यांनी निदान पंधरा-वीसजणींना विचारलं." राधिकाने पिशवी सावरली. "आणि लेख खोटा कुठं आहे? ओसरीवर बाया काय म्हणतात ते त्याने बरोबर सांगितलं. मावशी आज तेच म्हणाल्या. फक्त ओसरीवरचं बोलणं म्हणजेच बाईच्या मनातलं, असं त्यांनी धरलं. आणि बघ, घरचे हवेत हेही मावशी म्हणाल्याच की. पण त्यांच्याऐवजी नको, सोबत हवेत. तेवढा फरक त्या लेखात विचारलाच नाही."

"आणि नियम झाला तर?"

"तर डॉक्टर आधी पुंजाजीकाकांना विचारतील. ते नाही म्हणतील. मावशी येणार नाहीत."

शनिवारी तुळसाबाई वाशीमला गेल्या. निता सिस्टर तरुणपणी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, त्यामुळे त्यांना मागच्या खुर्चीवर बसायला कोणी हरकत घेतली नाही. राधिकाने लेख मांडला. लेखात काय चांगलं आहे ते आधी सांगितलं. मग विचारलं कोणी, बसून कुठं, ऐकत कोण होतं, आणि 'मला कोणी विचारलंच नाही' म्हणणारी ती बाई निष्कर्षात का नाही, हे एकेक पुढे ठेवलं. हिरीबाईचं नाव घेतलं नाही. सांबाराचंही नाही.

निता सिस्टर बाई वाईट नव्हत्या. त्यांची अडचण खरी होती. "राधिका, तू म्हणतेस ते पटतं. पण परवा एका पेशंटला आपल्याच डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तर घरच्यांनी वॉर्डात केवढा गोंधळ घातला. तो मी निस्तरला. मला हातात काहीतरी हवं." मग त्या मागे वळल्या. "तुळसाबाई, तुम्हीच सांगा. इतकी वर्षं तुम्ही कसं करत होता?"

सगळ्या माना मागे वळल्या. तुळसाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आम्ही घरच्यांना सांगत होतो. बाईला नाही."

"बघ," निता सिस्टर म्हणाल्या.

"थांब गं. बाईला काय हवं होतं ते मी कधी विचारलं नाही. त्यामुळं मला ते ठाऊक नाही. तेव्हा माझी वर्षं यात धरू नकोस. वर्षं पुष्कळ आहेत, पण त्यांत हे नाही."

एवढं बोलून त्या बसल्या. निता सिस्टरनी पेन टेबलावर ठेवलं.

"बरं, एकटीला विचारायचं म्हटलं तरी कुठं विचारणार? पलंगाला पलंग लागून. नवरा नाही तर पोरगा, कोणी ना कोणी उशाशी असतोच. बाहेर जा म्हटलं की म्हणतात, काय लपवता?"

कोपऱ्यातली रेणू नावाची नवी नर्स म्हणाली, "वजन करताना? त्या खोलीत आपण बाईलाच घेतो. डोस काढायला वजन लागतंच, दर वेळी. तिथं कोणी आत येऊ द्या म्हणत नाही."

मग निता सिस्टर हसल्या. "वजनाच्या खोलीत दुसरं वजन. बरं. नियम आत्ता करत नाही. दोन महिने असं विचारून पाहू. तुम्हाला ऐकायचंय का, आणि सोबत कोण हवं. ज्या नको म्हणतील त्यांचंही तितकंच ऐकायचं, राधिका. तुझ्या मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचं नाही."

"नाही विचारणार," राधिका म्हणाली.

डॉक्टरांशी निता सिस्टर स्वतः बोलल्या.

सलाईनीच्या दिवशी तुळसाबाई आधीच जाऊन वॉर्डाच्या दाराशी बसल्या. हिरीबाई येईल की नाही, याची खात्री राधिकालाही नव्हती. शेवटी रिक्षा आली. आधी पुंजाजी उतरले, मग पदर सावरत हिरीबाई. आल्या आल्या म्हणाली, "नर्सबाई, सांबार आनला. रिक्षात हाये."

राधिकाने तिला वजनाच्या खोलीत नेलं, दार लावलं. बाहेर पुंजाजी भिंतीकडे पाहत उभे. थोड्या वेळाने दार उघडलं आणि राधिका त्यांना म्हणाली, "काका, आत या. डॉक्टर येतायत. मावशींना सगळं ऐकायचंय, आणि तुम्ही समोर पाहिजे म्हणतात."

पुंजाजी तुळसाबाईंकडे वळले. "तुमी शब्द देल्ला व्हता."

"मी काही सांगितलं नाही पुंजाजी. तिला आधीच ठाऊक आहे. फक्त अर्धं, आणि तेही चुकीचं अर्धं. जा आत."

ते गेले. दार पुन्हा लागलं. तुळसाबाई बाकावर बसून राहिल्या. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, मधूनच हिरीबाईचा प्रश्न, मग पुन्हा डॉक्टर. एकदा पुंजाजींचं रडणं ऐकू आलं आणि त्यावर हिरीबाईचा आवाज, "आता तुमीच रडत बसले तं डाक्टर कोनाले सांगतीन? चूप बसा थोडं."

दार उघडलं. हिरीबाई पुढे, पुंजाजी मागे, डोळे पुसत. ती सरळ आपल्या पलंगाकडे गेली, चढून बसली आणि सुईसाठी हात पुढे केला. सुई लागली. सलाईन चालू झाली. तेव्हा तिने शेजारच्या पलंगावरच्या बाईकडे पाहून बोटं मोजली.

"माह्या अजून इतक्या राह्यल्या," ती म्हणाली. "मंग आपरेशन."

"माझ्या दोन," शेजारची म्हणाली.

"तुमचं बरं हाये." मग तिने राधिकाला हाक मारली. "पोरी, आयक. पुढची तारीख बाजाराच्या दिवशी देऊ नको. त्या दिवशी जुड्या कोन बांधन? या बुढ्याच्या भरवशावर वावर सोडता येत नाई."

पुंजाजी नाक शिंकरत खुर्चीवर बसले. "मले शिकव ना मंग बांधाले," ते म्हणाले.